मणक्यात इंजेक्शन घेण्याआधी

श्रोतेहो, नमस्कार. ‘गादी सरकलीय, पायात कळ जाते, एक इंजेक्शन देऊन टाका की,’ असं म्हणत खानापूर, निपाणी, चिकोडीकडची माणसं बेळगावला आमच्याकडे येतात. पण हे इंजेक्शन दंडावरचं नव्हे. मज्जारज्जूच्या आवरणाला लागून जी चिंचोळी जागा असते, तिथं औषध सोडायचं असतं आणि त्या जागेत शिरांचं जाळं असतं. सुईनं शीर टोचली तरी बहुतेकांचं रक्त लगेच गोठतं. ज्याचं गोठत नाही, त्याचं रक्त मणक्याच्या पोकळीत साचून नसा दाबतं. असं क्वचितच होतं, पण झालं तर पायातली ताकद जाऊ शकते.

म्हणून आम्ही खोदून खोदून विचारतो. ‘रक्ताचा काही आजार?’ म्हटलं की उत्तर ठरलेलं, ‘छे, काही नाही.’

‘मावशी, दाढ काढली होती का कधी?’

‘काढली की. दोन दिवस रक्त थांबेना, उशीची खोळ बदलावी लागली.’

‘आणि पाळीत?’

मावशी सुनेकडे बघतात. ‘अंगावरून फार जायचं. आमच्या घरात सगळ्यांचंच तसं.’

सगळ्यांचंच तसं, म्हणून कुणी तपासलंच नाही! हा व्हॉन विलेब्रँड आजार असू शकतो. जन्मजात रक्तस्रावाच्या आजारांत हाच सर्वांत जास्त आढळतो, बायकांनाही होतो आणि नेहमीच्या रक्ततपासण्या यात नॉर्मल येऊ शकतात. त्यामुळे मला रिपोर्टापेक्षा ही दाढेची गोष्ट मोलाची वाटते. पुरुषांना मी मामांबद्दल विचारतो, कारण हिमोफिलिया, म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा दुसरा जन्मजात आजार, आईकडून मुलाकडे येतो. आजार निघाला म्हणजे इंजेक्शन कायमचं बाद, असं नाही. रक्तविकारतज्ज्ञांच्या सल्ल्यानं, गरजेप्रमाणे आधी रक्त गोठवणारा, कमी असलेला घटक (हिमोफिलियात फॅक्टर ८ किंवा ९) देऊन ते करता येतं. कधी मात्र मीच नको म्हणतो. व्यायाम आणि गोळ्यांवर भागत असेल तर सुई कशाला?

आपल्या सीमाभागात आणखी एक घोळ आहे. अँजिओप्लास्टी मिरजेला किंवा कोल्हापुरात, फाईल तिकडच्या कपाटात आणि कंबर दाखवायला बेळगावात. रक्त पातळ करायच्या गोळीचं नाव विचारलं तर उत्तर येतं, ‘ती बारकी, गुलाबी.’ अहो, गुलाबी गोळ्या ढीगभर आहेत! गोळ्यांची पाकिटंच घेऊन या. मेडिकलमधून स्वतःहून आणलेली दुखण्याची गोळी आणि अ‍ॅस्पिरिनसुद्धा. नुकताच डेंग्यू झाला असेल तर तेही सांगा, प्लेटलेट बघाव्या लागतात.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांपैकी वॉरफरिन साधारणपणे ५ दिवस आधी थांबवून आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो याची तपासणी करतात; क्लोपिडोग्रेल ७ दिवस आधी थांबवतात. पण हे ऐकून घरीच गोळी बंद करू नका. हृदयाच्या रक्तवाहिनीत नवा स्टेंट, म्हणजे अँजिओप्लास्टीत बसवलेली जाळी, असेल तर तो बुजून हार्ट अटॅक येऊ शकतो. गोळी थांबवायची की नाही, हे हृदयाच्या डॉक्टरांनी ठरवायचं आणि आमच्याशी बोलून. कंबरेचं इंजेक्शन बहुतेक वेळा काही महिने पुढे ढकलता येतं.

इंजेक्शननंतर गोळी कधी सुरू करायची, हे लिहून घेऊनच घरी जा. आणि त्यानंतर पाठ असह्य दुखू लागली, पाय जड किंवा बधिर पडले, लघवी अडली, तर सकाळच्या पहिल्या बसची वाट बघू नका. एमआरआय आणि मणक्याच्या ऑपरेशनची सोय असलेल्या मोठ्या दवाखान्यात रात्रीच निघा. साचलेलं रक्त शक्यतो ८ तासांच्या आत काढावं लागतं.