वहीतला पेशंट हरवू नये

(दृश्य : धंतोली, सकाळ. औषधांच्या दुकानांची शटर उघडताहेत. दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसलेली माणसं.)

नागपूरच्या धंतोलीत रात्रीच्या गाड्यांनी आलेली माणसं नऊच्या आतच दवाखान्यात येऊन बसतात. कुणी गोंदियाचं, कुणी गडचिरोलीचं, कुणी राज्याची सीमा ओलांडून बालाघाट-छिंदवाड्याहून आलेलं. हातात एमआरआयच्या फिल्मचं मोठं पाकीट आणि एक पिशवी. पिशवीत जुन्या चिठ्ठ्या, रक्ताचे रिपोर्ट, रेशनकार्डाची झेरॉक्स. मेंदूच्या शस्त्रक्रिया करणारे इथले डॉक्टर, सगळ्यांचे 'सर', फिल्मकडे नंतर वळतात. आधी पिशवी उघडायला लावतात.

(दृश्य : टेबलावर मांडलेले फोटो. मूळ आवाज : "आंगठी बोटात जाऊनच नाही राहिली जी. सोनाराकडून कापून काढा लागली.")

या बाई भंडारा जिल्ह्यातल्या. अंगठीनंतर चपला लहान पडल्या. मग आवाज जड झाला. घरच्यांना वाटलं, वय झालं. सरांनी लग्नाचा फोटो मागवला, त्याच्या शेजारी मतदार ओळखपत्र, त्याच्या शेजारी आधारकार्ड. आता एकेक फोटो बघा. भुवयांवरचं हाड पुढे आलंय, नाक रुंद झालंय, जबडा वाढलाय. रोज डोळ्यांसमोर असणाऱ्या माणसातला एवढा बदल घरच्यांना दिसत नाही, यात त्यांचा काही दोष नाही. तो इतका सावकाश होतो.

या आजाराचं नाव अ‍ॅक्रोमेगली. १८८६ मध्ये पिएर मारी या फ्रेंच डॉक्टरांनी ते दिलं. मूळ असतं मेंदूच्या तळाशी, पिट्युटरी ग्रंथीत. हरभऱ्याच्या दाण्याएवढी, जेमतेम अर्ध्या ग्रॅमची ही ग्रंथी. वाढ, पाळी, दूध, थायरॉइड, ताण सोसण्याची ताकद, सगळ्याचे हुकूम इथून सुटतात. इथे गाठ झाली आणि ग्रोथ हार्मोन वाजवीपेक्षा जास्त पाझरू लागलं, की मोठ्या माणसाचे हातपाय पुन्हा वाढू लागतात.

(दृश्य : तपासणीची खोली. सर आणि एक वयस्कर पेशंट समोरासमोर.)

"काकाजी, डावा डोळा हातानं झाका. माझ्या नाकाकडे पाहा. बोट दिसलं की सांगा."

बोट कानाच्या बाजूनं हळूहळू पुढे येतंय. सरांना ते केव्हाच दिसलंय. काकाजी गप्प आहेत. बोट अगदी मध्यावर आलं, तेव्हा म्हणतात, "हां, आता दिसलं." दुसऱ्या डोळ्याचंही तेच. दोन्ही डोळ्यांच्या नसा पिट्युटरीच्या अगदी वर एकमेकींना छेदून जातात. खालून गाठ वाढली, की तो छेद दाबला जातो आणि दोन्हीकडची बाहेरची नजर जाते. समोरचं नीट दिसतं, म्हणून लक्षात येत नाही. खांदा दाराच्या चौकटीला आपटतो, रस्ता ओलांडताना बाजूची मोटारसायकल दिसत नाही. काकाजींनी चष्मा बदलून पाहिला होता. या तपासणीला यंत्र लागत नाही, वीज लागत नाही. तालुक्याच्या दवाखान्यातही ती दोन मिनिटांत होऊ शकते. व्हायला हवी.

(दृश्य : जुनी छायाचित्रं. हार्वी कुशिंग.)

सरांच्या टेबलामागे हा एक फोटो आहे. हार्वी कुशिंग, अमेरिकन न्यूरोसर्जन, जन्म १८६९. पिट्युटरीवरचं त्यांचं पुस्तक १९१२ चं. अंगात कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन वाढवणाऱ्या पिट्युटरीच्या आजाराला आजही कुशिंगचंच नाव आहे. त्यांनी तो १९३२ मध्ये सविस्तर मांडला. १९१० ते १९२५ या काळात त्यांनी नाकाच्या वाटेनं २३१ जणांची पिट्युटरीची शस्त्रक्रिया केली. प्रतिजैविकं नव्हती, सीटी नव्हता, सूक्ष्मदर्शक नव्हता. मृत्यूचं प्रमाण ५.६ टक्के. हा आकडा आपल्याला माहीत आहे, कारण त्यांनी प्रत्येक पेशंटचं पुढे काय झालं ते लिहून ठेवलं. वर्षानुवर्षं पत्रं पाठवून विचारत राहिले.

पण एकट्यानं हे होत नाही. लुईझ आयझनहार्ट १९१५ मध्ये त्यांच्याकडे संपादनाच्या मदतीसाठी आल्या. पुढे वैद्यकीय पदवी घेऊन पॅथॉलॉजिस्ट, म्हणजे गाठीच्या पेशी तपासणाऱ्या डॉक्टर, झाल्या. गाठींची नोंदवही त्यांनी सांभाळली : कुठली गाठ, कुठल्या प्रकारची, पेशंट किती जगला. कुशिंग यांच्या नावामागे ही वही उभी आहे, आणि आमच्या मते आयझनहार्ट हे नाव आज घेतलं जातं त्यापेक्षा कितीतरी जास्त घेतलं जायला हवं. कुशिंग यांच्या पेशंटांच्या संग्रहाचंही पुढे काय झालं ते ऐका. येल विद्यापीठात मेंदूंच्या बरण्या, फोटोंच्या काचा कित्येक वर्षं तळघरात धूळ खात पडल्या होत्या. २०१० मध्ये तिथल्या वैद्यकीय ग्रंथालयात त्या नीट मांडल्या गेल्या.

कुशिंग यांनी स्वतः नाकाची वाट सोडली आणि कवटी उघडण्याकडे वळले. त्यांच्याकडे शिकून गेलेल्या नॉर्मन डॉट यांनी एडिंबरात ती चालू ठेवली. डॉट यांच्याकडून पॅरिसच्या गिओ यांनी घेतली, गिओंकडून माँट्रियलच्या ज्यूल हार्डींनी. हार्डींनी १९६० च्या दशकात तिला सूक्ष्मदर्शकाची जोड दिली. भारतात न्यूरोसर्जरीचा पहिला विभाग जेकब चांडी यांनी १९४९ मध्ये वेल्लोरला सुरू केला. तेही माँट्रियलला शिकून आले होते. ती वाट आता धंतोलीच्या या ऑपरेशन थिएटरपर्यंत आली आहे.

(दृश्य : थिएटर. मॉनिटरवर एंडोस्कोपचं चित्र.)

चार मिलिमीटरची दुर्बीण. नाकपुडीतून आत, मागे, स्फिनॉइड सायनस या नाकामागच्या हाडातल्या पोकळीत. इथे हाडाचा पातळ पडदा लागतो. ड्रिल अगदी हळू. दोन्ही बाजूंना मेंदूला रक्त नेणाऱ्या मुख्य धमन्या आहेत. त्यांच्या जागा सर बोलून दाखवतात, शेजारी उभ्या असलेल्या विद्यार्थ्याकडूनही वदवून घेतात. हाड उघडलं. आतलं आवरण फुलीसारखं कापलं. आणि ही गाठ, करडी-पांढरी, मऊ. वाकड्या टोकाच्या क्युरेटनं ती थोडी थोडी खरवडली जाते, सक्शननं ओढली जाते. गाठ निघाली तसा वरचा पडदा खाली उतरला, नाडीबरोबर हलतोय. आता सर थांबतात. कुठून मेंदूभोवतीचं पाणी झिरपतंय का, हे पाहतात.

(निवेदन नाही. फक्त मॉनिटर आणि थिएटरमधले आवाज.)

सगळ्याच गाठींना चाकू लागत नाही, हेही सांगायला हवं. प्रोलॅक्टिन, म्हणजे दुधाचं हार्मोन, वाढवणाऱ्या गाठी बहुतेकदा कॅबरगोलीनच्या गोळ्यांनी आटोक्यात येतात.

(दृश्य : कपाट. पुठ्ठ्याच्या वह्या. पान उलटणारे हात.)

सरांचं संशोधन या कपाटात आहे. परिषदांमधले निबंध, विद्यार्थ्यांचे प्रबंध, सगळं इथूनच निघालं. जुन्या वहीतले हे रकाने पाहा. नाव, गाव, तालुका, पोस्ट. मग एक रकाना : गावात फोन कुणाकडे. कुठे किराणा दुकान, कुठे सरपंच, कुठे शाळेतले गुरुजी. पेशंट पुढच्या तपासणीला आला नाही, की त्या दुकानात फोन जायचा.

निदानाच्या रकान्यात जुन्या शाईत लिहिलंय, "क्रोमोफोब अ‍ॅडिनोमा". अ‍ॅडिनोमा म्हणजे ग्रंथीतली गाठ. तपासणीत पेशी रंग धरत नव्हती, म्हणून क्रोमोफोब. पुढच्या वह्यांमध्ये गाठ कुठलं हार्मोन बनवते, ते आलं. २०२२ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात त्याहून मागे जाऊन पाहतात : पेशी कुठल्या कुळातली. पिट-१, टी-पिट, एसएफ-१ ही प्रथिनं ते कूळ सांगतात. गाठीचा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात जपलेला असेल, तर जुन्या पेशंटचीही नव्यानं तपासणी करता येते. पण त्या माणसाची गाठ पुन्हा वाढली का, नजर टिकली का, हे वहीत नसेल, तर त्या ठोकळ्यातून फार काही शिकता येत नाही. आपल्या भागात हेच होतं. बरं वाटलं की माणूस येत नाही. पीक उभं असतं, मजुरी बुडते, गाडीभाड्याचे पैसे नसतात. आणि या गाठी कित्येक वर्षांनी परत येऊ शकतात.

नोंदी ठेवायला माणूस लागतो, पगार लागतो, कोरडी खोली लागते. नव्या यंत्राच्या उद्घाटनाला पाहुणे मिळतात, नोंदणी कारकुनाची जागा मात्र कुठेच निघत नाही. नागपुरात इतकी मोठी रुग्णालयं आहेत, इतकी महाविद्यालयं आहेत. मध्य भारतातल्या मेंदूच्या गाठींची एक सामाईक नोंदवही इथे व्हायलाच हवी.

(दृश्य : वॉर्ड. बाई खाटेवर बसून चहा घेताहेत. काकाजी खिडकीशी.)

दोघांचीही ऑपरेशनं पार पडली. काकाजींची बाजूची नजर बरीच परत आली आहे. बाईंची रक्ततपासणी तीन महिन्यांनी.

(दृश्य : संगणकावर जुन्या वह्यांच्या नोंदी भरणारी निवासी डॉक्टर. कानाला फोन.)

जुन्या वह्या आता संगणकावर चढताहेत. त्यातले बरेच फोन लागत नाहीत. किराणा दुकानं बंद झाली, गुरुजी निवृत्त झाले. पिट्युटरीची किंवा मेंदूच्या गाठीची शस्त्रक्रिया तुमच्या घरात कुणाची झाली असेल, मग ती कुठल्याही दवाखान्यात झालेली असो, तर त्या दवाखान्याला तुमचा आजचा नंबर कळवा. फाइल सापडत नसली तरी जा. नाव, गाव आणि साधारण साल सांगा. तेवढ्यावरून शोधता येतं. पेशंट आज हयात नसेल, तर तेही सांगा. तीही नोंद लागते.