भयकथा मिटायची कुठं?

(नाशिकमधील व्याख्यानाचा संपादित भाग)

१८४० पासून सार्वजनिक वाचनालय असलेल्या गावाला वाचनाचं महत्त्व मी सांगणार नाही. पत्रिकेवर विषय छापलाय, ‘कुमारांनी कोणती भयकथा कधी वाचावी’. त्याकडे येतोच. आधी समोरच्या आईबाबांशी थोडं भांडायचंय.

पोरगी रात्री भयकथा वाचत पडलेली असते. साडेदहा वाजतात. तुम्ही म्हणता, “एवढं प्रकरण संपव आणि झोप.” घात तिथंच होतो!

आर. एल. स्टाइन यांची ‘गूजबम्प्स’ ही मुलांसाठीची इंग्रजी भयकथामाला घ्या, १९९२ पासूनची. एका पुस्तकात सव्वाशेच्या आसपास पानं आणि पंचवीस-तीस प्रकरणं, म्हणजे एकेक जेमतेम चार-पाच पानांचं. शेवटच्या ओळीत मागून खांद्यावर गार हात पडतो आणि प्रकरण संपतं. पान उलटलं की कळतं, हात धाकट्या भावाचा. तुम्ही दिवा कधी मालवलात? हात खांद्यावर असताना. भाऊ भेटणार उद्या संध्याकाळी, शाळा-क्लास उरकल्यावर. रात्रभर पोरगी जागी आणि सकाळी ठपका पुस्तकावर. (मागचे काका हसतायत, म्हणजे कालच झालेलं दिसतंय.)

म्हणून थांबायचं ते प्रकरणाच्या मध्यावर. नव्या प्रकरणाची दोन पानं वाचायची. दचका उलगडला, पात्रं जेवायला बसली, की खूण घालायची. पुस्तकाच्या शेवटच्या तीसेक पानांना मात्र हा उपाय लागू पडत नाही. तिथं लुटूपुटूचे दचके संपून खरा धोका सुरू झालेला असतो. ती पानं रविवारी दुपारी, एका बैठकीत. तासाभराचं काम.

आणि विक्रम-वेताळ? खांद्यावर प्रेत घेऊन स्मशानातून चाललेला राजा आपण सात वर्षांच्या पोरांना खुशाल सांगतो. कुणाची झोप उडत नाही, कारण वेताळ गोष्ट पुरी करतो, मगच झाडाकडे परततो. वेताळाला कळतं ते आपल्याला कळू नये?

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं. मूळ विषय पळतपळत.

दहा-बाराव्या वर्षी ‘गूजबम्प्स’ चालेल. तिथं सहसा कुणाचा जीव जात नाही. त्याच लेखकाची १९८९ पासूनची ‘फिअर स्ट्रीट’ चौदानंतर, कारण तिथं शाळेतल्या मुलामुलींचे खून पडतात. एका लेखकाचं नाव बघून दोन्ही एका कपाटात लावू नका. मराठीत आधी नारायण धारपांच्या समर्थकथा: दुष्ट शक्तींशी झुंजणारा त्यांचा नायक, समर्थ, येतो म्हणजे येतातच, बंदोबस्त करतात, झोप लागते. रत्नाकर मतकरींच्या गूढकथा पंधरा-सोळानंतर. तिथं भुतापेक्षा घरातल्या माणसाचीच धास्ती, आणि बंदोबस्ताला समर्थ येतीलच असं नाही. कथा छोट्या आहेत. सुरू केली की संपवायची, नाहीतर रात्री हातात घ्यायचीच नाही.

झेपलं का, हे बघायला मुलाला गोष्ट सांगायला लावा. शेवटापर्यंत सांगितली तर पुढचं पुस्तक द्या. एकाच प्रसंगाशी घुटमळत राहिला तर ते महिनाभर वरच्या फळीवर.

प्रश्न बाहेर, चहाच्या टपरीवर घेतो. अध्यक्ष घड्याळ बघतायत.