टेकडीची पाठ

[पडद्यावर: एज ऑफ एम्पायर्स २. हिरवा माळ, मध्ये टेकडी, पायथ्याशी एकटा घोडेस्वार.]

हा घोडेस्वार बघा. टेहळणीवर निघालाय. त्याच्याभोवती उजेडाचं एक वर्तुळ आहे. वर्तुळात जे येतं ते त्याला दिसतं, बाकीचं दिसत नाही. आता त्याला टेकडीला अगदी खेटून उभा करू. समोर चढ, नाकाशी माती. तरी वर्तुळ तेवढंच आणि तितकंच गोल. टेकडीच्या पलीकडच्या उतारावर हरणं चरतायत, ती त्याला इथूनच दिसतायत.

म्हणजे या जगात माती काचेची आहे.

१९९९ साली आलेला हा संगणकावरचा लढाईचा गेम लोक आजही हौसेने खेळतात. मीही खेळतो. आणि खरं सांगायचं तर कित्येक वर्षं ही गोष्ट माझ्या लक्षातच आली नव्हती.

[पडद्यावर: दाट झाडी. घोडेस्वार तिला वळसा घालतो.]

त्याहून मोठी गंमत जंगलाची. या गेममध्ये झाडं एकमेकांना लागून उभी असली की त्यांतून मुंगीसुद्धा जात नाही. जंगल म्हणजे तटबंदीच. नजर मात्र आरपार जाते. खऱ्या रानात नेमकं उलटं असतं. तिथे माणूस फांद्या बाजूला सारत कसाही वाट काढतो, पण पन्नास पावलांवर कोण उभं आहे ते त्याला कळत नाही. शत्रू अंगावर आला की रानात शिरावं, ही लढाईतली बहुधा सगळ्यात जुनी युक्ती. ती इथे दोन्हीकडून बंद: आत जाता येत नाही, आणि मागे उभं राहिलं तर लपता येत नाही.

[पडद्यावर: बेल्जियम. शेतं, त्यांतून गेलेला लांबट उंचवटा.]

हा उंचवटा माँ-सँ-जाँचा. याला डोंगर म्हणवणार नाही, धड टेकडीही नाही. १८ जून १८१५ रोजी वॉटर्लूच्या लढाईत नेपोलियन याच्या एका बाजूला होता आणि ब्रिटिश सेनापती वेलिंग्टन दुसऱ्या. वेलिंग्टनने आपल्या बऱ्याचशा पलटणी माथ्यावर न मांडता माथ्यामागच्या उतारावर ठेवल्या. फ्रेंचांना समोर काही तोफा दिसत होत्या, थोडे सैनिक दिसत होते. बाकीचं सैन्य किती आणि नेमकं कुठे, याचा नुसता अंदाज. फ्रेंच तोफखान्यालाही न दिसणाऱ्या माणसांवर नेम धरून मारा करता येईना.

संध्याकाळी नेपोलियनचे निवडक सैनिक, इम्पीरियल गार्ड, चढ चढून वर आले. समोर जवळजवळ रिकामा माथा. आणि मग गवतात आडवे पडून राहिलेले ब्रिटिश गार्ड्स हुकूम मिळताच उठून उभे राहिले. एवढ्या जवळून झालेल्या गोळीबारापुढे ती तुकडी टिकली नाही.

लष्करी भाषेत या मागच्या उताराला रिव्हर्स स्लोप म्हणतात. आपण टेकडीची पाठ म्हणू. स्ट्रॅटेजी गेममधल्या, म्हणजे सैन्य हलवून लढायच्या गेममधल्या टेकडीला माथा असतो, चढ असतो, क्वचित कडाही असतो. पाठ नसते.

[पडद्यावर: काळा पडदा हळूहळू सरतो, खालून पिवळी वाळू दिसू लागते.]

हे असं का झालं, त्यासाठी थोडं मागे जाऊ. १९९२ च्या ड्यून २ या गेममध्ये मॅपवर काळा पडदा असे. तुमचं युनिट, म्हणजे सैनिक किंवा वाहन, जिथून जाईल तिथला पडदा उठायचा, आणि एकदा उठला की कायमचा. १९९५ मध्ये वॉरक्राफ्ट २ ने त्यात सुधारणा केली. तुमची माणसं निघून गेली की तो भाग पुन्हा धूसर होतो. जमीन दिसत राहते, तिथे नंतर आलेला शत्रू दिसत नाही. यालाच खेळणारे फॉग ऑफ वॉर म्हणतात.

पण धुक्याला भोक पडतं ते गोलच. मॅप म्हणजे टाइल्सचा, छोट्या चौकोनांचा पट. एखाद्या युनिटची नजर सात टाइल्स पोचत असेल, तर त्याच्या वर्तुळात साधारण दीडशे टाइल्स येतात. या वर्तुळाचा साचा आधीच कापून ठेवता येतो. युनिट सरकलं की साचा सरकवायचा, झालं काम. खरी नजर काढायची म्हटली, तर युनिटपासून त्या प्रत्येक टाइलपर्यंत एकेक रेघ ओढून वाटेत उंच काही आडवं येतं का ते तपासावं लागतं. दोनशे युनिट्स धरली तर तीस हजार रेघा. आणि सगळे चालत असतात, त्यामुळे हा हिशेब पुन्हा पुन्हा. १९९८ चा स्टारक्राफ्ट हा गेम ९० मेगाहर्ट्झच्या पेंटियम संगणकावर चालायला हवा होता. त्या काळच्या प्रोग्रामरना मी आळशी म्हणणार नाही.

[पडद्यावर: स्टारक्राफ्ट. कड्याखाली मरीन, वर रणगाडा.]

स्टारक्राफ्टने निदान जमिनीला मजले दिले. खालच्या मजल्यावरून वरचा दिसत नाही. वरून कुणी गोळी झाडली की तो क्षणभर दिसतो, आणि तेव्हा खालून उलट मारा केला तर शंभरातल्या साधारण ५३ गोळ्या लागतात, बाकीच्या फुकट. एज ऑफ एम्पायर्स २ मध्ये हिशेब वेगळा: वरून मारलं तर घाव २५ टक्के जास्त, खालून मारलं तर २५ टक्के कमी. मग ती टेकडी पुरुषभर असो की आभाळाला टेकलेली. भूगोलाची अशी टक्केवारी झाली की जमीन वाचण्याची गरजच राहत नाही. एक पायरी वर उभं राहिलं की पुरे.

मापांचं तर बोलूच नये, पण एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. स्टारक्राफ्टमधल्या मरीनच्या बंदुकीची रेंज चार टाइल्स. आणि तो ज्या बराकीतून बाहेर पडतो, ती चार टाइल्स रुंद. भविष्यातला हा चिलखतधारी सैनिक आपल्या घराच्या एका कोपऱ्यातून गोळी झाडतो आणि ती दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत जेमतेम पोचते. खऱ्या जगात एम-१६ रायफलचा परिणामकारक पल्ला साडेपाचशे मीटर धरतात. आणि समुद्रकाठी उभ्या माणसाला क्षितिज दिसतं ते सुमारे पावणेपाच किलोमीटरवर. मोकळ्यावर डोळा बंदुकीच्या कितीतरी पुढे जातो. मध्ये आड येते ती जमीन, आणि गेममधून नेमकी तीच काढून टाकली आहे.

स्टारक्राफ्टमध्ये एक गोष्ट मात्र बरोबर बसली आहे. पाय रोवून बसलेल्या सीज टँक या रणगाड्याचा पल्ला बारा टाइल्स आणि नजर दहा. स्वतःचा गोळा कुठे पडणार हे त्याला दिसत नाही. पुढे कुणीतरी डोळे घेऊन उभं राहावं लागतं. खरा तोफखाना असाच चालतो. १५५ मिलिमीटरची तोफ चोवीसएक किलोमीटर मारा करते, आणि तिच्यावरच्या माणसांना बहुतेक वेळा शत्रू दिसतच नाही. फरक एवढाच, की तिथे पुढच्या माणसाला रेडिओवर जागा सांगावी लागते, आकडे चुकतात, आणि वेळही जातो. इथे एकाला दिसलं की त्याच क्षणी सगळ्या सैन्याला दिसतं.

[पडद्यावर: दोन संगणक, मध्ये मोडेमची तार.]

जाता जाता आणखी एक. १९९७ चा पहिला एज ऑफ एम्पायर्स २८.८ केबीपीएसच्या मोडेमवर खेळता यावा म्हणून बनवला होता. एवढ्या बारीक नळीतून शेकडो सैनिकांच्या जागा पाठवणं शक्य नव्हतं. म्हणून फक्त हुकूम पाठवले जात, आणि प्रत्येक संगणक सगळं युद्ध आपापलं चालवत असे. म्हणजे शत्रूचं लपलेलं सैन्य आधीपासूनच तुमच्या मशीनमध्ये असतं. फक्त ते पडद्यावर काढलं जात नाही. मॅप हॅक करणारे लोक या न काढलेल्या चित्रावरचा पडदा तेवढा बाजूला करतात.

[पडद्यावर: जुना लष्करी नकाशा, त्यावर लाल-निळे ठोकळे.]

संगणक यायच्या कितीतरी आधी कोणाला काय दिसावं हा प्रश्न सुटला होता, हे ऐकून गंमत वाटेल. १८२४ मध्ये प्रशियाच्या सैन्यातल्या राइसविट्झ या तरुण अधिकाऱ्याने युद्धाचा एक खेळ नियमांत बांधला, क्रीगश्पील. १:८००० चा नकाशा, एक चाल म्हणजे दोन मिनिटं. दोन्ही पक्ष आपले हुकूम पंचाकडे देत. पंच नकाशावरचे चढउतार पाहून ठरवायचा की कोणाला काय दिसेल, आणि तेवढेच ठोकळे मांडायचा. टेकडीची पाठ त्या पंचाच्या डोक्यात शाबूत होती.

संगणकावरही प्रयत्न झाले. १९९६ च्या क्लोज कॉम्बॅटमध्ये गोळीबाराचा हुकूम देताना सैनिकापासून रेघ निघते, आणि वाटेत काही आड आलं की ती लाल होते. १९९७ च्या टोटल अ‍ॅनायहिलेशनमध्ये खेळण्याआधी निवडता यायचं: नजर वर्तुळाकार हवी की खरी. २०१३ च्या कंपनी ऑफ हीरोज २ मध्ये घर, कुंपण, धूर, सगळं नजर अडवतं. हा शेवटचा गेम खेळताना मी सुरुवातीला जाम वैतागलो. समोर शत्रू उभा आहे आणि माझा माणूस गोळी का झाडत नाही? कारण मी आभाळातून बघत होतो. कुंपणाच्या दोन्ही बाजू मला दिसत होत्या, त्याला एकच. वर्तुळ इतकी वर्षं टिकलं त्यामागे, मला वाटतं, संगणकाच्या ताकदीइतकाच हा वैतागही आहे. वर्तुळ कधी वाद घालत नाही.

[पडद्यावर: वाळूचं वादळ.]

२६ फेब्रुवारी १९९१, आखाती युद्ध, इराकचं वाळवंट. खूण म्हणून नाव द्यावं असं इथे काहीच नाही, म्हणून लढाईला नकाशावरच्या रेषेचं नाव पडलं: ७३ ईस्टिंग. अमेरिकन कॅप्टन मॅकमास्टरची तुकडी, नऊ एम-१ रणगाडे, वादळातून पुढे येत होती. जमीन सपाटच वाटत होती. ती सपाट नव्हती. एक बेताचा उंचवटा होता, आणि त्याच्या पाठीवर इराकी रणगाडे मोर्चा धरून बसले होते. वेलिंग्टनचीच युक्ती. पण या वेळी वर येणाऱ्यांकडे धुळीतून उष्णता टिपणाऱ्या दुर्बिणी होत्या. माथा ओलांडताच त्यांनी आधी पाहिलं आणि आधी मारलं. त्या तुकडीची लढाई तेवीस मिनिटांत आटोपली.

[पडद्यावर: पुन्हा पहिलाच मॅप, पहिलीच टेकडी.]

शेवटी मी एक प्रयोग केला. चाळीस तिरंदाज टेकडीच्या पाठीवर नेऊन ठेवले, माथ्यापासून थोडे खाली, वॉटर्लूसारखे. आडवे पडा म्हणायची सोय नाही, म्हणून उभेच. पलीकडून विरोधकाचा घोडेस्वार आला. टेकडी चढायच्या भानगडीत तो पडलाच नाही. पायथ्याशी थांबला. त्याचं वर्तुळ मातीत शिरलं, पलीकडे निघालं आणि माझ्या पहिल्या रांगेवर जाऊन टेकलं.

मग तो वळला आणि आला तसा निघून गेला.