अथेन्सच्या संग्रहालयात, आपल्यापुरता एक गाईड

श्रोतेहो, नमस्कार.

अथेन्सला जाऊन आलेली माणसं आता आपल्या ओळखीपाळखीत निघतात. पण बहुतेकांच्या वाट्याला त्या शहराचा एखाद-दुसराच दिवस आलेला असतो. सकाळी अॅक्रोपोलिसची टेकडी, तिथल्या पार्थेनॉन मंदिरापुढे फोटो, दुपारचं जेवण आणि लगेच बेटांकडे जाणारी बोट. पातिसिओन रस्त्यावरचं राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालय या गडबडीत राहून जातं. आज मला आग्रहानं सांगायचं आहे ते हे, की या एका इमारतीसाठी अर्धा दिवस राखून ठेवा आणि फक्त आपल्या घरच्या माणसांपुरता एक गाईड करा. झेंड्यामागून पळणाऱ्या घोळक्यात शिरू नका.

ग्रीसमध्ये हे काम कुणीही उठून करू शकत नाही. त्यासाठी शिक्षण घ्यावं लागतं, सरकारी परवाना लागतो. आम्हाला मिळालेल्या बाई पुरातत्त्व शिकलेल्या होत्या. मी, माझे यजमान आणि भाची, असे आम्ही तिघंच. दारातच त्यांनी विचारलं, तुम्हाला काय बघायचंय? आम्ही म्हटलं, सगळं. त्या म्हणाल्या, इथे ११,०००हून जास्त वस्तू मांडलेल्या आहेत. आज आपण दहा बघू, पण नीट बघू. त्या क्षणी थोडं वाईट वाटलं. पण दहा वस्तूंसाठी तीन तास पुरले नाहीत.

दारातून सरळ पुढे गेलं की मायसिनी या प्राचीन ग्रीक शहरातलं सोनं. १८७६ साली हाइनरिख श्लीमान या जर्मन माणसानं मायसिनीतल्या थडग्यांतून ते काढलं. त्यातला दाढीवाला मुखवटा ट्रॉयच्या युद्धातल्या अॅगमेम्नॉन राजाचा आहे अशी त्याची खात्री होती. आज आपल्याला ठाऊक आहे की ते थडगं इसवी सनपूर्व सोळाव्या शतकातलं, म्हणजे त्या युद्धाचा जो काळ सांगतात त्याच्या तीनशेहून अधिक वर्षं आधीचं. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. काचेपुढे सगळ्यात जास्त गर्दी इथे असते. बाईंनी आम्हाला मुखवट्याच्या कानांकडे बघायला लावलं. तिथे दोन बारीक भोकं आहेत. त्यांतून दोरा ओवून हा पत्रा मेलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर बांधत असत. एवढं कळलं आणि त्या सोन्याखाली एक माणूस होता हे एकदम जाणवलं.

नंतरच्या एका दालनात संगमरवराची एक मुलगी उभी आहे, फ्रासिक्लेया. इसवी सनपूर्व सहाव्या शतकातली. तिच्या हातात कमळाची मिटलेली कळी आहे आणि झग्यावर लाल रंग अजून दिसतो, कारण ती शतकानुशतकं मातीखाली गाडलेली होती. १९७२ साली अथेन्सजवळ मेरेंडा इथे ती सापडली. तिच्या चौथऱ्यावर जे कोरलंय त्याचा भावार्थ असा: ही फ्रासिक्लेयाची खूण, मला कायम कुमारीच म्हणतील, कारण लग्नाऐवजी देवांनी मला हेच नाव दिलं. लग्नाआधी गेलेल्या लेकीचा हा पुतळा. बाईंनी ते आधी ग्रीकमध्ये वाचलं, मग अर्थ सांगितला, आणि मग बराच वेळ त्या काही बोलल्याच नाहीत. घोळक्याच्या गाईडला असं गप्प राहणं परवडत नाही, मागचा घोळका ढकलत असतो.

आता त्या ब्राँझच्या देवाकडे येते. १९२६ आणि १९२८ साली आर्टेमिसिऑन नावाच्या भूशिराजवळ समुद्राच्या तळाशी तो सापडला. उंची २.०९ मीटर, काळ साधारण इसवी सनपूर्व ४६०. डावा हात समोर ताणलेला, उजवा मागे नेलेला, उजव्या पायाची टाच उचललेली. काहीतरी फेकण्याच्या बेतात आहे, पण फेकायची वस्तूच हातात नाही. ती वज्र असेल तर हा देवांचा राजा झ्यूस, त्रिशूळ असेल तर समुद्रदेव पोसायडन. बाईंनी उत्तर सांगितलं नाही. आम्हाला पुतळ्याच्या बाजूला नेऊन उभं केलं आणि म्हणाल्या, याच्या मुठीत एक लांब त्रिशूळ आहे असं समजा, आता काय झाकलं जातं? भाची पटकन म्हणाली, तोंड! बरेच अभ्यासक हा झ्यूस मानतात त्यामागे हेच कारण आहे. कुठला शिल्पकार एवढा चेहरा घडवून त्यावर आडवा दांडा आणेल? डोळ्यांच्या जागी आता पोकळ्या आहेत, तिथे एके काळी वेगळे डोळे बसवलेले होते, भुवया चांदीच्या होत्या. हातही मापापेक्षा लांब आहेत, पण बाजूनं बघताना ते मुळीच खटकत नाही. तो बाजूनंच बघायचा पुतळा आहे.

इथे मला राहवलं नाही. मोबाइलवर मी त्यांना आपल्या कोल्हापूरच्या पोसायडनचा फोटो दाखवला. श्रोतेहो, पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकाडात १९४०च्या दशकात सातवाहन काळाच्या थरांतून रोमन बनावटीच्या वस्तू निघाल्या. त्यांत ब्राँझचा हा वीतभरही नसलेला समुद्रदेव होता. मूळ ग्रीक घडणीवरून केलेली ही छोटी मूर्ती सागरी व्यापाराबरोबर आपल्याकडे आली. त्याच्याही उचललेल्या हातातली वस्तू आज नाही. बाईंनी फोटो मोठा करून करून पाहिला, खांद्याचं वळण दाखवलं, कमरेतला बाक दाखवला आणि ही शैली इसवी सनपूर्व चौथ्या शतकातल्या लिसिपॉस या शिल्पकाराच्या वळणाची आहे, असं सांगितलं. समुद्रापासून इतक्या आत हा कसा गेला, असं त्यांनी मला विचारलं. मग मी घाटवाटा सांगितल्या, कार्ल्याच्या चैत्यातल्या खांबांवर धेनुकाकट या गावच्या यवनांनी, म्हणजे ग्रीक म्हणवणाऱ्यांनी, दान दिल्याचे लेख कोरलेले आहेत तेही सांगितलं. त्या दालनात पंधरा-वीस मिनिटं उलटी शिकवणी चालली होती. अथेन्सचं तिकीट काढण्याआधी कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात जाऊन तो पोसायडन अवश्य बघा.

ग्रीकांनी ब्राँझचे पुतळे असंख्य केले, पण पुढच्या काळात धातूसाठी ते वितळवले गेले. जे वाचले त्यांतले कितीतरी समुद्रात बुडालेल्या जहाजांमुळे वाचले. त्याच संग्रहालयात अशा आणखी एका जहाजाचं सामान आहे. १९०० साली सिमी बेटावरचे स्पंज काढणारे पाणबुडे वादळामुळे अँटिकिथेरा बेटाच्या आडोशाला थांबले. त्यांतला इलियास स्टाडियाटिस पाण्यात उतरला आणि घाबरून वर आला. तळाशी माणसांची आणि घोड्यांची प्रेतं पडली आहेत, असं तो म्हणाला. ते पुतळे होते. पुढच्या वर्षी ते वर काढताना एका पाणबुड्याचा जीव गेला आणि दोघं कायमचे अपंग झाले, हेही बाईंनी न विसरता सांगितलं. तिथे संगमरवराचा एक वाकलेला मुलगा आहे. वाळूत रुतलेला त्याचा भाग गुळगुळीत, कालच घडवल्यासारखा; आणि पाण्यात उघडा राहिलेला भाग समुद्रातल्या जिवांनी पोखरून ओळखू येणार नाही असा केलेला. एकाच अंगावर दोन्ही.

त्या जहाजातली सगळ्यात मोलाची वस्तू मात्र दिसायला अगदी सामान्य आहे. हिरवट गंज चढलेले ब्राँझचे तुकडे, अँटिकिथेरा यंत्र म्हणतात त्याचे. १९०२ साली वॅलेरिओस स्टाइस या पुरातत्त्वज्ञाचं एका तुकड्यातल्या दातेरी चाकाकडे लक्ष गेलं. आज ८२ तुकड्यांत मिळून ३० चाकं मोजता येतात. मूळ यंत्र जाडजूड शब्दकोशाएवढ्या लाकडी पेटीत बसणारं होतं. बाजूची मूठ फिरवली की सूर्य-चंद्राच्या राशीतल्या जागा, ग्रहणं, शिवाय ऑलिंपियासारख्या खेळांची वर्षंसुद्धा तबकड्यांवर कळत. २००५ मध्ये काही टन वजनाचं एक्स-रे यंत्र थेट संग्रहालयात आणलं गेलं, तेव्हा आतली चाकं आणि गंजाखाली दडलेली हजारो अक्षरं वाचता आली. चंद्र महिनाभर एकाच वेगानं चालत नाही, कधी भरभर तर कधी रेंगाळत जातो. ते दाखवायला एका चाकावर खुंटी बसवली आहे. ती शेजारच्या, जरा सरकलेल्या केंद्राच्या चाकातल्या खाचेत मागेपुढे होते आणि त्या चाकाचा वेग आपोआप कमीजास्त होतो. इसवी सनाच्या आधी हे कुणीतरी हातानं, कानशीनं घासून केलं. मला अजूनही त्या माणसाचं नाव हवंसं वाटतं.

मागच्या बाजूच्या एका तबकडीवर २३५ चांद्रमासांची घरं गोल गोल वळसे घेत गेली आहेत. १९ वर्षं, २३५ महिने. हा आकडा ऐकला आणि मी तिथेच हिशेब केला. बारा गुणिले एकोणीस म्हणजे २२८, उरले सात. आपल्याकडेही १९ वर्षांत सातच अधिक महिने येतात! आकाशातले चंद्र-सूर्य एकच, त्यामुळे गणित दोन्हीकडे जुळणारच. तरी आईनं अधिकात जावयाला दिलेल्या अनारशांचं गणित त्या काचेपलीकडे बघताना माझा ऊर भरून आला, हे मी लपवत नाही. बाईंनी अधिक महिन्याची माहिती वहीत उतरवून घेतली.

भांड्यांच्या दालनांतून आम्ही जवळजवळ न थांबता गेलो. तो वेळ त्यांनी एका फोटोसाठी राखला होता. २८ ऑक्टोबर १९४० ला इटलीनं ग्रीसवर हल्ला केला. त्यानंतरच्या सहा महिन्यांत संग्रहालयातल्या लोकांनी दालनांच्या फरशा उखडल्या, खोल खड्डे खणले आणि हे अवजड पुतळे एकेक करून आत उतरवून वाळूनं झाकले. सेम्नी कारूझू या पुरातत्त्वज्ञ त्या कामात होत्या. सोनंनाणं पेट्यांत भरून बँकेकडे गेलं. एप्रिल १९४१ मध्ये जर्मन सैन्य अथेन्समध्ये शिरलं तेव्हा संग्रहालय रिकामं होतं. फोटोत खड्ड्यामध्ये तरुणांचे दगडी पुतळे दाटीवाटीनं उभे आहेत आणि त्यांच्यामध्ये शर्टाच्या बाह्या सरसावलेले कामगार. बाईंनी पायाखालच्या फरशीकडे बोट केलं.

आता थोडं व्यवहाराचं. गाईड आधीच ईमेलनं ठरवा, आणि पुरातत्त्व किंवा इतिहास शिकलेली व्यक्ती मागा. आपल्याला कशात रस आहे, बरोबर लहान मूल किंवा वयस्कर माणूस आहे का, हे कळवा. मानधन ताशी आहे की पूर्ण फेरीचं ते विचारून घ्या. प्रवेशाचं तिकीट बहुतेक वेळा त्यात धरलेलं नसतं. चार-पाच माणसं एकत्र आलात तर खर्च वाटला जातो. मेट्रोचं व्हिक्टोरिया स्थानक जवळ आहे. ब्राँझच्या देवासारखे हात पसरून फोटो काढायला तिथले रखवालदार हरकत घेतात, ते मानावं. मध्येच पाय दुखले तर तळघरात बागेला लागून कॅफे आहे, तिथे बसा. आणि वरच्या मजल्यावर थेरा बेटावरची भित्तिचित्रं आहेत, लिलीची फुलं आणि उडत्या पाकोळ्या असलेली. ज्वालामुखीच्या राखेखाली ती साडेतीन हजार वर्षं टिकली. त्यांच्यासाठी निदान अर्धा तास हाताशी ठेवा, आणि तेवढा वेळ उरेल अशी फेरी आखायला गाईडना पहिल्याच ईमेलमध्ये सांगून टाका.

नमस्कार.