छोट्या संस्थांच्या ऑडिटचं वेगळं मानक: आठ वर्षं चाललेलं एक काम

[दृश्य: कारखान्याचं गोदाम. रॅकवर खोकी, हातात मोजणीचा तक्ता घेतलेला माणूस.]

छोटा कारखाना. चेकवर मालकाची सही, एकच अकाउंटंट, एकच बँक, सगळा माल एका गोदामात. ऑडिट कसं करायचं ते ठरवणाऱ्या पूर्ण आंतरराष्ट्रीय मानकांनी, म्हणजे नियमांनी, याचं ऑडिट करायचं तर ऑडिटरपुढे तीसहून अधिक मानकं येतात, तीच जी बहुराष्ट्रीय कंपनीला लागतात. कितीतरी कलमं इथे लागूच होत नाहीत, पण ती वाचायची, बाजूला काढायची, फाइलमध्ये तशी नोंद ठेवायची. दिवस कागदांत जातात आणि गोदामात उभं राहून माल मोजायला वेळ पुरत नाही.

तक्रार जगभर होती. २०१५ साली डेन्मार्क, फिनलंड, आइसलंड, नॉर्वे आणि स्वीडनमधल्या ऑडिटरांच्या संघटनांनी तक्रारीच्या पुढे जाऊन छोट्या संस्थांसाठीच्या मानकाचा मसुदाच लिहून समोर ठेवला. या व्यवसायात पुढाकार घेणं म्हणतात ते हे.

मग ही मानकं लिहिणारं आंतरराष्ट्रीय लेखापरीक्षण मानक मंडळ हललं. २०१७ आणि २०१९ मध्ये पॅरिसला परिषदा झाल्या, २०१९ च्या एप्रिलमध्ये चर्चापत्र निघालं, जुलै २०२१ मध्ये वेगळ्या मानकाचा मंडळाचा स्वतःचा मसुदा. प्रतिक्रियांना एरवी साधारण चार महिने मिळतात, इथे ३१ जानेवारी २०२२ पर्यंत मुदत दिली. ते योग्यच झालं. छोट्या फर्ममध्ये ऑडिट करणारा आणि प्रतिक्रिया लिहिणारा माणूस एकच असतो, आणि आपल्याकडे सप्टेंबर तर टॅक्स ऑडिटमध्येच संपतो.

[दृश्य: छापील मसुदा, समासात पेन्सिलीच्या खुणा.]

मसुद्यावरच्या प्रतिक्रियेचं उपयोगी पत्र कसं असतं? कलमाचा क्रमांक, तिथे काय अडतं, प्रत्यक्ष कामातलं उदाहरण, आणि त्या जागी कोणते शब्द हवेत. ‘मसुदा क्लिष्ट आहे’ एवढंच लिहिलं, तर मंडळ तरी काय बदलणार?

मसुद्यात ग्रुप ऑडिटला, म्हणजे कंपनी आणि तिच्या उपकंपन्यांच्या एकत्र हिशेबांच्या ऑडिटला, साफ मनाई होती. पण एका मालकाची छोटी कंपनी आणि तिची त्याहून छोटी उपकंपनी, हा प्रकार कुठे नाही? दोन्हींचे हिशेब एकाच टेबलावर होतात. हे प्रतिक्रियांमधून पुढे आलं आणि मंडळाने जानेवारी २०२३ मध्ये ग्रुप ऑडिटचा वेगळा भाग पुन्हा लोकांसमोर ठेवला. अंतिम मानकात परवानगी आहे, पण अट घालून: उपकंपनीसाठी दुसरा ऑडिटर घ्यायचा नाही. सूट आहे ती प्रत्यक्ष हजर राहावं लागतं तिथे, म्हणजे लांबच्या गोदामातली स्टॉक मोजणी वगैरे.

 

एक दुखरी जागा इथे सांगायलाच हवी. मानक मंडळाचे बहुतेक सदस्य आपलं काम सांभाळून हे काम करतात. इतका वेळ देणं मोठ्या फर्मला परवडतं, दोन भागीदारांच्या फर्मला परवडत नाही. शिवाय ज्यांना नियम पाळायचेत त्यांचाच हात नियम लिहिण्यात जास्त असेल, तर बाहेरचा माणूस विश्वास का ठेवेल? म्हणून २००५ पासून माद्रिदचं सार्वजनिक हित देखरेख मंडळ या प्रक्रियेवर लक्ष ठेवतं. २०२३ मध्ये तर मानक मंडळ लेखापालांच्या जागतिक महासंघातून निघून वेगळ्या प्रतिष्ठानाखाली गेलं. उशिरा झालं, पण झालं हे फार बरं.

डिसेंबर २०२३ मध्ये मानक प्रसिद्ध झालं. १५ डिसेंबर २०२५ ला किंवा त्यानंतर सुरू होणाऱ्या हिशेब वर्षांसाठी ते आहे. स्वीकारायचं की नाही, हे ज्या त्या देशाने ठरवायचं.

[दृश्य: रिकाम्या फाइलचं पहिलं पान.]

हे स्वस्तातलं ऑडिट नव्हे. हिशेबांबद्दल ऑडिटरने द्यायच्या खात्रीची पातळी पूर्ण मानकांइतकीच. शेअर बाजारात नोंदलेली कंपनी, लोकांच्या ठेवी घेणारी संस्था, विमा कंपनी यांना ते वापरता येत नाही. बाकीच्यांत व्यवहाराची गुंतागुंत पाहायची. नुसता छोटा आकार पुरत नाही: दहा माणसांच्या कंपनीतही अवघड अंदाजांवर उभा असलेला ताळेबंद सापडतो.

चूक होते ती इथेच. काम घेताना संस्था साधी वाटते, अर्धं ऑडिट झाल्यावर गुंतागुंत कळते. तेव्हा या मानकाला पूर्ण मानकांतली दोन कलमं जोडून भागत नाही. सगळं ऑडिट पूर्ण मानकांवर न्यावं लागतं. नियोजन पुन्हा, फीची बोलणी पुन्हा, आणि मुदत मात्र तीच. म्हणून ही संस्था या मानकात बसते का, हा प्रश्न काम घेण्यापूर्वी विचारायचा, जोखमी ओळखून झाल्या की परत विचारायचा, आणि दोन्ही वेळचं उत्तर कारणासकट फाइलमध्ये लिहून ठेवायचं.