लेक काउंटी, टेनेसी: तळं कुणाचं?

अमेरिकेतल्या टेनेसी राज्याचं वायव्य टोक. मिसिसिपी नदीला खेटून असलेल्या या लेक काउंटीत (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) माणसं जेमतेम सात हजार, तीही तुरुंगातले कैदी धरून. बाकी कापूस-सोयाबीनची सपाट रानं, आणि पूर्वेला रीलफूट तळं.

१८११ साली हे तळं नव्हतं. त्या डिसेंबरात नदीपलीकडच्या न्यू माद्रिद गावाच्या नावानं ओळखले जाणारे भूकंप सुरू झाले. ७ फेब्रुवारी १८१२ च्या धक्क्यानं आजच्या टिप्टनव्हिल गावाकडची जमीन वर आली, शेजारची खचली आणि ओढ्याचं पाणी उभ्या जंगलात तुंबलं. मिसिसिपी काही काळ उलटी वाहिली, असं नावाडी सांगत. आपल्या कोयनेला धरण आधी, भूकंप नंतर. इथं सगळंच उलटं!

तळं उथळ, सरासरी दीडएक मीटर. पाण्याखाली सायप्रस झाडांचे बुंधे अजून उभे आहेत. म्हणून इथल्या जुन्या होड्यांच्या वल्ह्यांना सांधा असतो. वल्हं स्वतःकडे ओढायचं, होडी समोर जाते, आणि नजर बुंध्यांवर राहते.

१८६२ च्या यादवी युद्धात माघार घेणाऱ्या दक्षिणेच्या फौजेला हेच तळं आडवं आलं. एकीकडे नदी, दुसरीकडे तळं; टिप्टनव्हिलला शस्त्रं खाली ठेवावी लागली. हा भाग तेव्हा ओबायन काउंटीत होता; पुढं तिचं मुख्य ठाणं गाठतानाही तळं आडवंच. शेवटी १८७० मध्ये लोकांनी काउंटीच वेगळी करून घेतली.

पण तळं कुणाचं? बुडालेल्या जमिनीच्या सनदा भूकंपाआधीच्या. जमीन पाण्यात गेली, कागद कोरडे राहिले. ते हक्क गोळा करून एका जमीन कंपनीनं मासेमारीवरच मालकी सांगितली. मग रात्री मुखवटे चढवून घोडेस्वार निघू लागले. ऑक्टोबर १९०८ मध्ये त्यांनी कंपनीच्या दोन वकिलांना हॉटेलातून ओढून नेलं. क्वेंटिन रँकिन यांना फासावर लटकवलं, आर. झेड. टेलर पाण्यात उडी टाकून निसटले. कोळ्यांची तक्रार रास्तच होती, पण या टोळीनं चाबकानं फोडून काढलेले लोक काही कंपनीचे मालक नव्हते.

गव्हर्नर पॅटरसन सैनिक घेऊन आले. सहा जणांना फाशी सुनावली गेली; १९०९ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं शिक्षा रद्द केल्या. १९१४ मध्ये तळं राज्याच्या मालकीचं झालं.

आता पूर्वेच्या टेकड्यांवरची माती वाहून येते आणि तळं गाळानं भरत चाललंय. पाणी सांडव्यानं राखतात. ते किती ठेवायचं, यावरूनही कोर्टकचेऱ्या झाल्यात.