दुरुस्ती थांबत नाही तेव्हा

आधी एक काम करा. तीन बोटं जोडा आणि उभी करून पुढच्या वरच्या-खालच्या दातांमध्ये घालून बघा. लाजू नका, सगळेच करताहेत. बसली? मग तुमचं तोंड नीट उघडतंय. मी दातांचा डॉक्टर. माझ्याकडे विशी-पंचविशीतली अशी पोरं येतात, ज्यांची दोन बोटंसुद्धा बसत नाहीत.

मागे एक रिक्षावाला आला. तक्रार काय, तर "वडापाव दाबून चपटा केल्याशिवाय आत जात नाही." त्याच्या आधी वर्षभर ठेचा बंद, कारण तोंडाची आग व्हायची. गालाच्या आतून बोट फिरवलं तर मऊ, ओलसर अस्तर लागायला हवं, तिथे उभ्या ताठ दोऱ्या लागल्या. रंगही गुलाबी नाही, संगमरवरासारखा पांढुरका. या आजाराचं नाव ओरल सबम्युकस फायब्रोसिस. 1952 साली श्वार्ट्झ यांनी पूर्व आफ्रिकेतल्या पाच भारतीय बायकांमध्ये तो पाहून लिहून ठेवला, आणि पुढच्याच वर्षी मुंबईच्या डॉ. जोशींनी त्याला 'सबम्युकस फायब्रोसिस' म्हटलं. म्हणजे आजार आपल्या पानाच्या डब्यातलाच, त्यातल्या सुपारीचा.

फायब्रोसिस म्हणजे काय? कापडाला भोक पडलं की आपण रफू करतो. शरीरही तेच करतं. जखम झाली की फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी कोलॅजेनचे धागे विणतात. त्यांतल्या काही मायोफायब्रोब्लास्ट होतात, म्हणजे धागे विणता विणता जागा आवळूनही घेतात. जखम भरली की या पेशी मरतात, जादा कोलॅजेन विरघळवलं जातं. वण राहतो, काम थांबतं. पण जखम रोज उकरली गेली तर? रफूवर रफू, रफूवर रफू. शेवटी कापड उरतच नाही, नुसता दोरा. आणि दोरा ताणला जात नाही.

सुपारी हे दोन्ही बाजूंनी करते, आणि इथे तिचं कसब मला खरोखर भयंकर वाटतं. तिच्यातलं अरेकोलिन विणणाऱ्या पेशींना कामाला लावतं. तिच्यात तांबं भरपूर, त्यानं लायसिल ऑक्सिडेज या एन्झाइमला जोर चढतो आणि कोलॅजेनचे धागे एकमेकांना घट्ट बांधले जातात. वर तिच्यातली टॅनिन्स त्या धाग्यांना असं पक्कं करतात की ते विरघळवणाऱ्या एन्झाइमचं काही चालत नाही. कातडं कमावतात ना, तोच प्रकार. फक्त इथे कातडं जिवंत माणसाच्या गालातलं.

"पण डॉक्टर, मी तंबाखू नाही खात, साधी सुपारी." हे वाक्य मी आठवड्यातून चारदा ऐकतो. मावा असो, खर्रा असो की जेवणानंतरची गोड सुपारी, सुपारी सगळ्यांत आहे, आणि या आजाराला तंबाखूची गरजच नाही. 2004 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं नुसती सुपारीही कर्करोगकारक ठरवली. केरळातल्या या आजाराच्या रुग्णांवर 17 वर्षं नजर ठेवली तेव्हा त्यांतल्या 7.6 टक्के लोकांना तोंडाचा कर्करोग झाला. राज्यात 2012 पासून गुटखाबंदी आहे. पुढचं तुम्हाला माझ्यापेक्षा टपरीवाला नीट सांगेल.

हीच रफूची गोष्ट यकृतात घडली की सिरॉसिस. कारण मात्र दारू, कावीळ बी-सी (म्हणजे हेपटायटिस बी-सी) किंवा चरबी. फुप्फुसात घडली की जिना चढताना धाप. पण सगळे अवयव सारखे नाहीत. हेपटायटिस सीचा विषाणू औषधानं गेला, तर यकृतातले धागे बऱ्याच जणांत खरंच मागे हटतात. फुप्फुसासाठी 2014 साली अमेरिकेत दोन औषधांना मान्यता मिळाली, तीही वेग कमी करतात, झालेलं उसवत नाहीत.

गालाचं म्हणाल तर सुपारी सोडली की आग कमी होते, दोऱ्या सहसा राहतात. इंजेक्शनं देतो, फार आवळलं असेल तर शस्त्रक्रिया, आणि रोजचा व्यायाम. त्या रिक्षावाल्याला मी आइस्क्रीमच्या लाकडी काड्या दिल्या होत्या. दातांमध्ये एकावर एक रचून धरायच्या, जमेल तशी एक वाढवायची. पहिल्या दिवशी नऊ बसल्या. तीन महिन्यांनी आला तेव्हा त्यानं माझ्यासमोर तेरा रचून दाखवल्या, आणि चौदावी बसवायच्या नादात सगळ्या माझ्या टेबलावर सांडल्या.